सव्वानऊची पट्टी

पट्टीताईच्या हातची ईसीजीची पट्टी लांबून ओळखू यायची. त्या हॉस्पिटलात ईसीजी काढणारे तिघं होते, पण मोठे डॉक्टर राउंडला आले आणि फाईल उघडली की एका नजरेत सांगायचे, ही ताईंची. रेघ सरळ, ठोके टोकदार, कुठे थरथर नाही की डाग नाही, आणि कागद पानावर असा चिकटवलेला की सूतभर इकडचा तिकडे नाही. बाकीचे दोघे तिच्या माघारी तिला ‘इस्त्रीवाली’ म्हणायचे. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचं.

ही शिस्त तिला लावली ती एका म्हाताऱ्या तंत्रज्ञाने. बाई नोकरीला लागली तेव्हा तो निवृत्तीला टेकलेला होता आणि सगळ्या जगावर करवादलेला होता. पेशंट खोकणार, हलणार, रडणार, बायकोशी भांडणार, आणि तेवढा भाग पट्टीवर गिचमिड होऊन उतरणार. तो म्हणायचा, ती गिचमिड डॉक्टरसमोर न्यायची नाही. फाईलच्या पानावर वीतभर जागा असते. तेवढीच पट्टी ठेवायची, उत्तम असेल ती. डोकं कापायचं, शेपूट कापायचं, बिघडलेली फेकायची, पुन्हा काढायची. बाईने हे मनावर घेतलं. सत्तावीस वर्षं तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कात्री होती, गोंदाची बाटली होती आणि शाळेच्या कंपासपेटीतला एक डिव्हायडर होता. पट्टी वाचायचं काम डॉक्टरचं, तिचं काम काढण्याचं. पण इतकी वर्षं भाकरी भाजणाऱ्याला भाकरी कच्ची आहे की नाही ते कळतंच. ती गुपचूप मोजायची, आणि कधी एखाद्या नवख्या डॉक्टरच्या कानाशी पुटपुटायची की साहेब, जरा इथे बघून घ्या. पुष्कळांचे जीव त्या पुटपुटण्यावर वाचले होते. त्याचं श्रेय तिला कुणी दिलं नाही आणि तिने मागितलंही नाही.

घरात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिचा धाकटा भाऊ. तिच्याहून दहा वर्षांनी लहान. वडील आधीच गेले होते, आणि आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. नातेवाईक चार दिवस आले, डोळे पुसले, मुलीच्या लग्नाचं आता आपणच बघायला हवं म्हणाले आणि आपापल्या घरी गेले. लग्नाचं कुणी बघितलं नाही. मग हिनेही तो विषय सोडून दिला आणि धाकट्याला वाढवायला घेतलं. त्याच्या डोक्यातल्या उवांपासून त्याच्या गणितापर्यंत सगळं हिच्या अंगावर. गणितात तो ढ होता, आणि उवा काही केल्या जात नव्हत्या. पुढे त्याचं लग्न हिनेच ठरवलं, आणि त्याला मुलगी झाली तेव्हा प्रसूतीच्या खोलीबाहेर येरझाऱ्याही हिनेच घातल्या. तो बापडा बाकावर झोपला होता.

धाकटा गोदामांमध्ये कीटकनाशक फवारायचा. धान्य भरायच्या आधी रिकाम्या गोदामाच्या भिंती, फटी, छताखालच्या तुळया असं सगळं पाठीवरच्या पंपाने भिजवून काढायचं. हे काम ताईला कधी पटलं नाही. ती त्याच्याशी यावरून कैकदा भांडली आणि तो दर वेळी हसून म्हणायचा की तायडे, किडे मला घाबरतात, मी कशाला घाबरू? त्या दिवशी पंपाच्या झाकणाचा वायसर झिजलेला होता. त्याने प्लास्टिकची पिशवी गुंडाळून झाकण आवळलं. ते झिरपत राहिलं. उकाडा मरणाचा, मास्क गळ्यात, शर्ट पाठीला चिकटलेला. घामाने भिजलाय असंच त्याला वाटलं. पाठीवरून कमरेपर्यंत विष उतरत होतं आणि हा म्हणत होता, आता एवढी एक भिंत उरली, ती झाली की बसू. भिंत संपली तेव्हा याचे पाय लटपटत होते आणि तोंडातून लाळ गळत होती. सोबतच्या फवारणीवाल्याने त्याला टेम्पोत घातलं आणि दुपारी हॉस्पिटलात आणून टाकलं.

ताईला अपघात विभागातून निरोप आला की विषबाधेचा पेशंट आहे, ईसीजी हवा. ती मशीन ढकलत गेली, पडदा बाजूला केला, आणि आत धाकटा होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगभर स्नायू फडफडतायत, तोंडाला फेस, आणि वास असा की जवळ उभं राहवेना. सिस्टर त्याचे कपडे कापत होत्या, त्याला साबणाने धूत होत्या. ताई रडली नाही. तिने त्याची छाती पुसली, तारा लावल्या आणि पट्टी काढली. मिनिटाला अडतीस ठोके. ॲट्रोपिनची इंजेक्शनं दर पाच मिनिटांनी सुरू झाली, आणि तेव्हा कुठे ती भिंतीला टेकली.

त्याला आयसीयूत हलवलं. पहिल्या रात्रीचं कुणी काही सांगत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब थांबले, श्वास मोकळा झाला, आणि त्याने सिस्टरकडे चहा मागितला. भावजय बाहेरच्या बाकावर तीन दिवस अर्धी होऊन बसली होती, ती त्या चहाच्या बातमीने ढसाढसा रडली. ताईने तिला जवळ घेतलं, पण स्वतः निर्धास्त झाली नाही. तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी भावजयीला ठाऊक नव्हती. या विषाचं असं असतं की ते उतरलं तरी हृदयाला सोडत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतं, आणि त्याला किती वेळ लागतो ते पट्टीवर मोजता येतं. विषबाधेत तो वेळ लांबत जातो. फार लांबला की हृदय मध्येच भरकटतं, नुसतं फडफडत राहतं, आणि हसतखेळत असलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी बसल्या जागी कोसळतो. असे चार जण तिने पाहिले होते. म्हणून धाकट्याच्या पट्ट्या ती दिवसातून दोनदा स्वतः काढत होती. बाकीच्या दोघांना तिने बजावलं होतं की माझ्या भावाला हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वानऊला ती मशीन घेऊन त्याच्याजवळ गेली. धाकटा उशीला टेकून बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले, पण चेहऱ्यावर तोच जुना वात्रटपणा. तिने आडवा हो म्हटलं, मॉनिटरच्या तारा मध्ये येत होत्या त्या तेवढ्यापुरत्या काढल्या, छातीवर गार जेली लावली, तारा जोडल्या, बटण दाबलं. तो म्हणाला, तायडे, तुझ्या या जेलीपेक्षा विष परवडलं. तिला हसू आलं. तिने गप पड म्हणून त्याच्या दंडावर चापट मारली, तोही हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, जरा गरगरलं गं. एवढ्यात मशीनमधून येणाऱ्या कागदावर गिचमिड उमटली. चार-पाच सेकंद. मग रेघ पुन्हा सरळ झाली.

‘हललास ना? सांगितलं होतं हलू नकोस म्हणून.’

तो म्हणाला की नाही हललो, पण त्याचं कोण ऐकतं? लहानपणापासून तो असंच म्हणायचा. तिने कात्री काढली, तो कागद कापून कोपऱ्यातल्या पिशवीत टाकला आणि दुसरी पट्टी काढली. ती काय सुरेख आली. तिने डिव्हायडर लावून पाहिला. वेळ थोडा लांबलेला होता, कालच्यापेक्षा किंचित जास्त, पण डोळे विस्फारावेत असा नाही. निवासी डॉक्टर छत्तीस तास जागे होते. त्यांनी पट्टी पाहिली, जरा लांबलाय, रक्तातले क्षार तपासून घेऊ म्हणाले आणि सही केली. ताईने पट्टी फाईलला चिकटवली आणि बाहेर जाऊन भावजयीला सांगितलं की पट्टी छान आली आहे, आज बहुतेक साध्या वॉर्डात आणतील, त्याचे घरचे कपडे आणून ठेव. आयसीयूत फोन चालत नाही, साध्या वॉर्डात चालतो. भावजयीने तिथूनच मुलीला फोन लावला आणि सांगितलं की शाळेतून आलीस की दुपारी बाबा तुझ्याशी बोलतील. पोरगी बारा वर्षांची. फोनमधून तिची आनंदाची किंकाळी ताईलाही ऐकू आली.

अकरा वाजता ताई दुसऱ्या वॉर्डात एका म्हाताऱ्याची पट्टी काढत होती. म्हातारा खोकत होता. खोकला की गिचमिड, थांबला की रेघ सरळ. ती वैतागली, कात्री काढली, आणि कापता कापता तिचं लक्ष त्या गिचमिडीकडे गेलं. त्या सगळ्या थरथरीतून ठोक्यांची टोकं दिसत होती, ठरलेल्या अंतरावर, एकामागून एक. माणूस कितीही हलला तरी त्याचं हृदय आतून आपलं काम करत असतं, आणि ते गिचमिडीतूनही दिसतंच. हे तिला सत्तावीस वर्षं माहीत होतं. आणि सकाळच्या त्या तुकड्यात टोकं नव्हती.

तिने कात्री खाली ठेवली. डोळे मिटून तो कागद आठवायचा प्रयत्न केला. रेघ मोठी होत गेली होती, मग बारीक, मग परत मोठी, केसांची वेणी घालताना पेड पडत जातात तशी. हलण्याने असं होत नाही. आणि तो हसला होता आधी. हसणं थांबलं, मग गरगरलं म्हणाला, मग ते उमटलं. धाकटा हलला नव्हता. त्याने सांगितलं होतं की हललो नाही. त्याचं हृदय पाच सेकंद भरकटलं होतं आणि आपलं आपण परत आलं होतं, आणि तिने त्याला चापट मारून, रागावून, ते कापून कचऱ्यात टाकलं होतं. म्हाताऱ्याच्या छातीवर तारा तशाच सोडून ती धावत सुटली. सत्तावीस वर्षांत तिने पेशंट असा कधी सोडला नव्हता.

आयसीयूत धाकट्याची खाट होती आणि त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं. एक तरुण बाई, नाकातोंडात नळ्या, भोवती चार जण. धाकट्याला दहा मिनिटांपूर्वी साध्या वॉर्डात हलवलं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता. तो बोलत होता, खात होता, ही बाई मरत होती, आणि मॉनिटर असलेली खाट तेवढी एकच मोकळी करता येत होती. ताईने निवासी डॉक्टरांची बाही धरली. आजवर तिने कधी कुणा डॉक्टरला हात लावला नव्हता. तिने सांगितलं, साहेब, माझ्या भावाला परत मॉनिटरवर घ्या, सकाळी त्याच्या पट्टीवर पीळ पडला होता.

डॉक्टरांनी हातातली नळी न सोडता म्हटलं की फाईलमध्ये तर पट्टी चांगली आहे, मीच सही केली. ती म्हणाली, त्याच्या आधीची. ती मी कापली. मला वाटलं तो हलला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. पोरगेलं माणूस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण तेवढाही वेळ नव्हता.

‘ताई, बसून खाणाऱ्या माणसासाठी हिला या खाटेवरून कसं हलवू मी? तुमच्या आठवणीवर? तो कागद आणा. कागद दाखवला तर मी मोठ्या डॉक्टरांना आत्ता बोलावतो, ते कुठूनही खाट काढतील.’

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर निर्दय होते. नव्हते. त्यांनी लगेच सिस्टरला सांगितलं की साध्या वॉर्डात त्याचं रक्त क्षारांसाठी पाठवा, ही बाई जरा सावरली की मी येतो. ते खरंच येणार होते. पण ताईला उशीर म्हणजे काय ते माहीत होतं.

ती मशीन घेऊन साध्या वॉर्डात गेली. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना वीस-वीस खाटा, टोकाला संडास-बाथरूम. धाकटा खिडकीजवळच्या खाटेवर बसून संत्रं सोलत होता आणि भावजय त्याच्या शेजारी, चार दिवसांत पहिल्यांदाच केस विंचरून आलेली. ताईने त्याला आडवं केलं आणि तारा लावल्या. तिने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. कागद यायला लागला तो येतच राहिला, खाटेवरून जमिनीवर, जमिनीवर वेटोळं झालं. धाकटा म्हणाला, माझं चरित्र छापतेस का? तिने डिव्हायडर लावला. वेळ सकाळपेक्षा लांबला होता. पुष्कळ लांबला होता. पण पीळ नव्हता. नुसता वेळ लांबलाय म्हणून धावत कोण येणार? कागदाचा रोल संपला. मशीन कुईं करून बंद पडलं.

आता तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. नवा रोल आणून इथेच उभं राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून रेघेकडे बघत बसायचं, किंवा कचऱ्यातून तो कागद शोधून आणायचा, म्हणजे खाट मिळेल, औषध मिळेल, शॉकचं मशीन शेजारी येईल. तिथे उभं राहून तिने विचार केला, आणि सगळ्या आयुष्यात इतका वाईट विचार तिने कधी केला नव्हता. उभी राहिले आणि पीळ पडला तर मी नुसती बघणार. कागद आणला तर पीळ पडण्याआधीच औषध मिळेल. तिने कागद निवडला. कुणीही तेच निवडलं असतं, असं नंतर तिला पुष्कळांनी सांगितलं.

जाताना ती भावजयीला म्हणाली, याला खाटेवरून उठू देऊ नकोस. मी आलेच. भावजयीने विचारलं, का ताई, काही आहे का? ताईच्या ओठांपर्यंत आलं होतं सगळं. पण ते सांगायचं तर सकाळचं सांगावं लागलं असतं, ती कात्री, ती पिशवी. आणि ती बाई आत्ता कुठे केस विंचरून हसत होती. ताई म्हणाली, काही नाही गं, अशक्तपणा आहे, पडेल कुठेतरी.

आयसीयूच्या कोपऱ्यातली पिशवी दहालाच गेली होती. इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये सुका कचरा निवडला जायचा. सफाईवाली तिथे टोपलीवर बसून पुठ्ठे वेगळे करत होती. ताईने तिला काय हवंय ते सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज असा निघाला की सफाईवालीने एकही प्रश्न न विचारता पहिली पिशवी उलटी केली. दोघी गुडघ्यांवर बसल्या. खोकी, सुयांची वेष्टणं, हातमोज्यांचे कागद, आणि मधून मधून गुलाबी चौकटींच्या पट्ट्या. त्या सगळ्या ताईच्याच होत्या. खोकणाऱ्यांच्या, रडणाऱ्यांच्या, हलणाऱ्यांच्या. तिने कापून टाकलेल्या. एकेक उचलायची, बघायची, टाकायची. तिसरी पिशवी. चौथी. पाचव्या पिशवीत तळाशी, जेलीच्या कापसाला चिकटलेला तो तुकडा निघाला. वरच्या कोपऱ्यात मशीनने छापलेली वेळ होती, सव्वानऊ. आणि खाली तो पीळ. नवशिक्यालासुद्धा कळला असता इतका ढळढळीत.

ती जिने चढली तेव्हा चपला कुठे राहिल्या हे तिला कळलं नाही.

वॉर्डच्या दारातून तिला टोकाशी जमलेली माणसं दिसली. कुणीतरी बाथरूमच्या दारावर खांदा मारत होतं. धाकटा तिथे गेला होता. भावजय नको म्हणाली होती, ताईंनी सांगितलंय म्हणाली होती, पण तो म्हणाला, चार दिवस भांडं लावून कंटाळलोय, चार पावलं तर आहेत, मला काय पांगळा समजता का? आणि तिलाही वाटलं, अशक्तपणाच तर आहे, हात धरून नेते. दारापर्यंत तिने हात धरला. पुढे त्याला लाज वाटली. त्याने आतून कडी लावली. मग धप्प आवाज झाला.

कडी तुटायला चार मिनिटं लागली. डॉक्टर आले, मोठे डॉक्टरही आले, शॉकचं मशीन आलं. ओल्या फरशीवरून त्याला ओढून कोरड्या जागी घेतलं, छाती दाबली, शॉक दिले, शिरेतून मॅग्नेशियम दिलं, जे सकाळी द्यायला हवं होतं. एकदा रेघ परत आली. ताईने स्वतः पाहिली, सात ठोके मोजले. मग परत पीळ पडला, आणि मग पीळही राहिला नाही. चाळीस मिनिटं चाललं होतं. ती तुकडा मुठीत धरून भिंतीशी उभी होती आणि मनात एकच घोकत होती, परत ये रे, मी तुझं ऐकते, तू हलला नव्हतास, मी ऐकते.

मोठ्या डॉक्टरांनी हात थांबवले आणि घड्याळाकडे पाहिलं. शेवटची पट्टी लागते. माणूस गेला हे फाईलमध्ये नुसतं लिहून चालत नाही, कागद लागतो. एक तंत्रज्ञ रजेवर होता, दुसरा शस्त्रक्रियेच्या खोलीत. सिस्टर म्हणाल्या, आपण थांबू या, कुणीतरी येईल. ताई म्हणाली, नको. तिने नवा रोल घातला. त्याच्या छातीवर शॉकचे लाल डाग होते, त्यांच्या मधल्या जागा शोधून तारा लावल्या. मिनिटभर कागद चालू दिला. रेघ आली, आणि तिच्यात कुठेही काहीही नव्हतं. तिने फाडताना कात्री वापरली नाही, सगळीच्या सगळी घडी करून ठेवली.

निवासी डॉक्टर तिला बाजूला घेऊन गेले. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी तिच्या मुठीतला कागद सोडवून घेतला, पाहिला. मग परत तिच्या हातात दिला. हळू आवाजात म्हणाले की ताई, हा आता कुणाच्या उपयोगाचा नाही. फाईलमध्ये चांगली पट्टी आहे, खाली माझी सही आहे. विषबाधेत असं होतं, सगळ्यांना माहीत आहे. हा तुमच्याकडेच राहू द्या. ते चांगल्या मनाने बोलत होते. त्यात त्यांचंही थोडं होतं, पण बरंचसं तिच्यासाठीच होतं. तिच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती.

ताई सिस्टरांच्या टेबलाशी बसली. फाईल उघडली. सकाळची सुंदर पट्टी पानभर बसली होती, बाजूला जागा नव्हती. तिने कोरं पान लावलं, तो चुरगळलेला तुकडा हाताने सरळ केला, गोंद लावला आणि वाकडातिकडा जसा होता तसा चिकटवला. कापूस त्याला चिकटलेलाच राहिला. खाली लिहिलं, सकाळी सव्वानऊ, पेशंट हलला नव्हता, पट्टी मी कापून टाकली होती. सही केली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

मग ती भावजयीकडे गेली. भावजय वॉर्डबाहेरच्या पायरीवर बसली होती, मांडीवर धाकट्याच्या घरच्या कपड्यांची पिशवी. तिला वाटलं ताई गळ्यात पडायला आली. ताई तिच्यासमोर उभीच राहिली आणि तिने सगळं सांगितलं. चापट, कात्री, पिशवी, अकरा वाजताचा म्हातारा, कचऱ्याची शेड. आणि जाताना आपण खोटं बोललो तेही सांगितलं. स्वतःची बाजू एका शब्दानेही मांडली नाही. भावजय ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर ताईला बरं वाटलं असतं.

‘ताई, मला नुसतं सांगितलं असतंत,’ ती म्हणाली, ‘तर मी त्यांच्या पायांवर बसून राहिले असते. हलूच दिलं नसतं.’

ताईने मान हलवली. दोघी तशाच राहिल्या, एक बसलेली, एक उभी. माणसं पायऱ्या चढत उतरत होती, थोडं सरका म्हणत होती.

पिशवीतला फोन वाजायला लागला. भावजयीने काढला, पडद्यावर घरचा नंबर पाहिला आणि तो वाजत असताना तसाच धरून ठेवला. वाजून बंद झाला. लगेच परत वाजायला लागला. शाळा सुटली होती. भावजयीने फोन ताईपुढे केला. नुसता हात लांब केला आणि तसाच ठेवला. ताईला तो हात मागे सारता आला नसता. तिने फोन घेतला, कानाला लावला आणि हॅलो म्हणाली.

‘आत्या, तू आहेस होय? बाबा बाहेर आले ना? मी केव्हाची आलेय शाळेतून. दे ना त्यांना फोन, लवकर दे.’